पावती कोणाच्या नावाची?

संतांच्या कृपेने आज चाळीस वर्षे आम्ही नारदांच्या गादीवर उभे राहात आहो. एवढ्या काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा किती वेळा सांगितली याची मोजदाद नाही. ती ज्याने एकदाही ऐकली नाही असा वारकरी सापडणे कठीण. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा बिदरच्या बादशहाचे अंमलदार असलेल्या पंतांनी हुकुमाची वाट न पाहता सरकारी कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. बादशहाने त्यांस पकडून आणण्याची आज्ञा केली. पंत वाटेत आहेत तोच पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याची सारी किंमत मोजून भरली आणि रीतसर पावती घेतली. पुढे ती पावती पंतांच्या पोथीत निघाली. येथवर कथा आली की टाळकऱ्यांचे हात आपोआप टाळांकडे जातात, श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येते. आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही येते.

परंतु २०२३ सालच्या मार्गशीर्षात निफाडकडील एका गावच्या सप्ताहात ही कथा सांगून आम्ही खाली बसलो असता, एका म्हाताऱ्या माळकऱ्याने आम्हांस एक प्रश्न केला. त्याचे उत्तर त्या रात्री आम्हांस देता आले नाही. तो प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

त्याआधी थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. आळंदीच्या कार्तिकी यात्रेचे दिवस होते आणि आम्ही पुण्यात एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरी उतरलो होतो. त्याच दिवसांत, म्हणजे ८ डिसेंबर २०२३ रोजी, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. सकाळी वर्तमानपत्र वाचून घरच्या माउली म्हणाल्या, "बरं झालं बाई! दोन महिने या कांद्यानं रडवलं. आमचं पेन्शनवर कसंबसं निभतं, पण आमच्या कामवालीनं तर कांदा आणायचाच सोडला होता." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही मान डोलावली.

मग आम्ही निफाडकडे गेलो. यजमानांच्या खळ्यावर लाल कांद्याचा ढीग पडलेला. यजमान म्हणाले, "महाराज, हा उन्हाळी कांदा असता तर चाळीत भरून चार-पाच महिने दम धरला असता. पण हा लाल कांदा, ह्याला दम नाही. आज काढला की आज विकायचा. नाही विकला तर कोंब फुटतो नाही तर सडतो." बंदी होण्याआधी बाजार समितीत जो भाव होता, तो पाहता पाहता निम्म्यावर आला होता. काढणीची मजुरी, गोण्या आणि टेम्पोचे भाडे मात्र होते तिथेच होते. यांचेही म्हणणे खोटे नव्हते. येथेही आम्ही मान डोलावली. इतक्यात यजमानीणबाई चुलीपुढून म्हणाल्या, "महाराज तर माळकरी, कांदा खातच नाहीत. त्यांना काय भाव सांगता!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण ते हसू घशाखाली उतरले नाही. दोन घरचे अन्न खाल्ले आणि दोन्ही घरी मान डोलावली. एका घरी जे बरे झाले म्हणालो तेच दुसऱ्या घरी वाईट झाले म्हणालो. यास समदृष्टी म्हणावे की जिकडे जेवण तिकडे मान?

त्याच रात्री तो म्हातारा जवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, कथा लई गोड झाली. पण एक इचारू का? ते कोठारातलं धान्य आलं कुठनं? कुणब्याच्या खळ्यावरनंच गेलं ना वसुलात? देवानं बादशहाची भरपाई केली, पावती घेतली. ते ठीक. पर कुणब्याला कोणी भरून दिलं?"

आम्ही काय सांगणार! कथेत भुकेलेला आहे, दाता आहे, राजा आहे आणि देवही आहे. पिकवणारा मात्र नाही. चाळीस वर्षांत ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

आता शास्त्राच्या रीतीने विषय मांडू. भुकेल्यास अन्न मिळाले पाहिजे, याविषयी संशय नाही. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ पिकवावे आणि घरी आलेल्यास विन्मुख पाठवू नये, ही व्रते म्हणूनच सांगितली आहेत. संशय पुढे आहे. भुकेल्यास जे स्वस्त द्यावयाचे, त्याची किंमत कोणी भरावी? आणि ज्याच्याकडून ती घेतली जाते त्याला न विचारता, त्याचे नाव न सांगता ती घेणे धर्म्य आहे काय?

पूर्वपक्षी म्हणतो, यात विचारण्यासारखे काय आहे? खाणारे पुष्कळ, त्यांतले गरीब पुष्कळ. अशा वेळी पिकवणाऱ्याने थोडी झळ सोसली तर बिघडले कुठे? राज्याचे कामच ते. कौटिल्यानेही राजाच्या व्यापाराविषयी सांगितले आहे की मोठा नफा होत असला तरी प्रजेस ज्याने पीडा होईल तो घेऊ नये.

हा पक्ष दुबळा नाही. भाव वाढला की पुण्याच्या त्या कामवालीच्या ताटातले जाते, हे खरेच आहे. आणि केवळ शहरातच नव्हे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे आपल्या देशातील शंभरांतील शहाऐंशी खातेदारांची जमीन दोन हेक्टरांच्या आतली आहे. त्यांतील कित्येकांस आपल्या शेतातले धान्य वर्षभर पुरत नाही. तेही दुकानातून विकत घेतात. भूमिहीन मजुराचे तर सारेच विकतचे. तेव्हा पिकवणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे अशी सरळ रेघ कोणी ओढू लागला, तर त्यास गावाची माहिती नाही असे समजावे.

मग उत्तरपक्ष काय? धर्मशास्त्रात दानाचे लक्षण सांगताना पहिली अट अशी घालतात की, देणाऱ्याने आपले स्वामित्व सोडावे आणि मग ते दुसऱ्याचे व्हावे. म्हणजे जे आपले आहे तेच देता येते. दुसऱ्याचे उचलून तिसऱ्यास दिले तर तिसऱ्याचे पोट भरेल, पण त्यास दान हे नाव मिळणार नाही. दामाजीपंतांची कथा नीट ऐकली तर हेच सांगते. पंतांचा हेतू शुद्ध, भूक खरी, प्राण वाचले, तरीसुद्धा "पुण्य झाले, आता हिशेब कसला?" असे पांडुरंगाने म्हटले नाही. त्याने किंमत भरली आणि पावती घेतली. दया झाली म्हणून हिशेब चुकत नाही.

आपल्या दिंडीत काय करतो ते पाहा. प्रत्येक जण भिशी भरतो आणि तिची नोंद वहीत होते. वाटेवर कोणी पंगत दिली तर वाढप झाल्यावर विणेकरी किंवा चोपदार उभा राहून सांगतो, आजची पंगत अमक्या गावच्या अमक्यांकडून. मग बोला पुंडलीक वरदा. खाणाऱ्या शेवटच्या म्हातारीसही ठाऊक असते की आज आपण कोणाचे खाल्ले. या रीतीत मोठा विचार आहे. ज्याचे नाव घेतले जाते त्याच्यावर उद्याही तोच भार टाकताना मनुष्य लाजतो. ज्याचे नावच घेतले जात नाही त्याच्यावर रोज टाकता येतो.

आता राज्याच्या पंगती पाहू. कोणत्या पंगतीत अन्नदात्याचे नाव पुकारले जाते आणि कोणत्या पंगतीत नाही, एवढेच तपासू.

पहिली पंगत स्वस्त धान्याची. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी पिकांचे भाव सुचविण्यासाठी आयोग नेमला गेला. सरकार हमीभावाने गहू-तांदूळ घेते, कोठारात ठेवते आणि शिधापत्रिकेवर देते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने खेड्यांतील शंभरांपैकी पंचाहत्तरांपर्यंत आणि शहरांतील पन्नासांपर्यंत लोकांस याचा हक्क दिला. माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया असा भाव होता. जानेवारी २०२३ पासून ते फुकट केले. यास पैसा लागतो तो अर्थसंकल्पात लिहिलेला असतो. २०२४-२५ साली तो दोन लाख कोटी रुपयांहून अधिक धरला होता. तो जास्त की कमी, फुकट द्यावे की न द्यावे, यावर भांडावे; भांडता येते, कारण आकडा समोर आहे. या पंगतीचा यजमान म्हणजे कर भरणारी सारी प्रजा, आणि त्याचे नाव वहीत आहे. कौटिल्याने कोठारातील अर्धे धान्य जनपदावरील आपत्तीसाठी राखावे आणि नवे आले की जुने बदलावे असे लिहून ठेवले आहे. म्हणजे ही रीत आपल्याकडे नवी नव्हे.

दुसरी पंगत कांद्याची. कांद्यास हमीभाव नाही. केंद्र ज्या बावीस पिकांचा हमीभाव ठरविते त्यांत तो येत नाही. भाव पडला तर ती शेतकऱ्याची आणि देवाची गोष्ट. मात्र भाव चढला की बंदी येते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर शेकडा ४० कर बसविला, डिसेंबरात निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये ती कर आणि किमान किंमत ठेवून उघडली, आणि कर पुरता गेला तो १ एप्रिल २०२५ रोजी. येथे कोणी एका पक्षाकडे बोट दाखवू लागेल तर त्यास आठवण द्यावी की, डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबली, सप्टेंबर २०११ मध्ये थांबली, सप्टेंबर २०१९ मध्ये थांबली आणि सप्टेंबर २०२० मध्येही थांबली. मधल्या काळात राज्य पालटले. हुकूम तोच राहिला. तेव्हा प्रश्न पक्षाचा नसून रीतीचा आहे. या रीतीने शहरात कांदा काही रुपयांनी उतरला असेल. पण ते रुपये कोणत्या अर्थसंकल्पात लिहिले आहेत? कोठेच नाहीत. ते निफाडच्या खळ्यावर, सटाण्याच्या चाळीत, चाकणच्या बाजारात गोण्यागोण्यांनी भरले गेले. पंगत झाली, लोक जेवले, यजमानाचे नाव पुकारले गेले नाही. आणि यजमानासही आपण यजमान आहो हे कोणी विचारले नव्हते.

येथे एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. किमती स्थिर राखण्यासाठी सरकार कांदा विकतही घेते; २०२३-२४ साली पाच लाख टनांचा साठा करण्याचे ठरविले होते. ही रीत बंदीहून बरी, कारण तिला पैसा लागतो आणि तो कागदावर येतो. परंतु ऐन काढणीच्या वेळी तोच साठा बाजारात ओतला तर पुन्हा भार तिथेच पडतो. साधन चांगले असले तरी कोणत्या वेळी वापरले, यावर न्याय ठरतो.

आणि स्वस्त घेणाऱ्या माउलीस दोष देण्याचेही कारण नाही. रिझर्व्ह बँकेसाठी झालेल्या २०२४ च्या एका अभ्यासात असे दिसले की, गिऱ्हाईक कांद्यासाठी जो रुपया देते त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यास पोचतात. उरलेल्यांत भाडे आहे, तूट आहे, हमाली आहे, व्यापाऱ्याचे कष्ट आहेत आणि नफाही आहे. भाव वाढला तेव्हा तो सगळा शेतकऱ्याच्या घरी जात नव्हता, हे पुण्यातील घरास ठाऊक हवे. आणि आडत्याशिवाय आपला माल मुंबईस चालत जाणार नाही, हे शेतकऱ्यानेही विसरू नये.

तिसरी पंगत शेतकरी बंधूंस रुचणार नाही, पण एकाच घराचा हिशेब मागितला तर तो पक्षपात होईल. युरियाची ४५ किलोची गोणी गेली कित्येक वर्षे, कर वगळता, २४२ रुपयांस मिळते. तिची खरी किंमत याच्या कितीतरी पट आहे. अंतर सरकार भरते. तेवढी पावती आहे. परंतु स्वस्त म्हणून एकच खत भरमसाट टाकले, आणि दुसरी द्रव्ये दिलीच नाहीत, तर उरलेली किंमत जमीन भरते. तसेच उसाचे. ऊस महाराष्ट्राच्या लागवडीच्या क्षेत्रात थोडा, परंतु पाटाच्या व विहिरीच्या पाण्यात त्याचा वाटा फार मोठा. ज्या सोलापूर जिल्ह्यात आपले पंढरपूर आहे, तेथे उन्हाळ्यात कित्येक गावे टँकरची वाट पाहतात आणि शेजारी ऊस उभा असतो. त्या उसाची पावती कोणाच्या नावाची? ज्याची विहीर आटली त्याच्या. तोही कुणबीच आहे, आणि त्याचेही नाव कोणी पुकारत नाही.

मग नाव पुकारून घातलेली पंगत आपल्याकडे कधी झालीच नाही काय? झाली आहे, आणि ती आम्ही स्वतः जेवलो आहो. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो. आई-वडील खडी फोडण्याच्या कामावर. आम्ही पाटी उचलून मागे. दुपारी सुकडी मिळे. घरी रेशनची लाल मिलो, तिच्या भाकरीस चव नाही, पण भाकरी होती. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी जी कल्पना लावून धरली तिचा पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. सभागृहाने तो एकमताने केला. त्याचा खर्च कोठून? त्यासाठी नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविला, आणि तितकीच भर राज्याने घातली. मुंबईच्या कारकुनाच्या पगारपत्रकावर दरमहा ती रक्कम कापलेली दिसे. कारकून कुरकुरला असेल. पण त्याचे नाव वहीत होते, किती घेतले ते लिहिलेले होते, आणि ते प्रतिनिधींनी सभेत विचार करून घेतले होते. त्या योजनेत पुढे दोष शिरले, खोटी हजेरीपटेही झाली. ते नाकारून चालणार नाही. तरी मुळाशी जे होते ते स्वच्छ होते: भुकेल्यास लाज न वाटता काम, आणि देणाऱ्याच्या नावे उघड पावती.

आता शेवटची शंका. कित्येक सज्जन म्हणतील, कीर्तनकाराने या भानगडीत पडू नये. गादीवर राजकारण नको. गादीवर पक्ष नको, हे आम्हांसही मान्य आहे. निवडणुकीच्या दिवसांत सप्ताहात एका संध्याकाळी एक कार्यकर्ता येऊन म्हणतो, दोन शब्द आमच्या बाजूने बोला. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा येतो. दोघांसही हात जोडावे आणि बुक्का लावून वाटेस लावावे. परंतु तटस्थ या शब्दाचा अर्थ तटावर उभा असलेला. चंद्रभागेस पूर आला असता काठावर उभे राहून दोन्ही तीरांकडे पाहून मान डोलावणारा तटस्थच. पण तो कोणाच्या कामाचा? समदृष्टी ही वेगळी वस्तू आहे. राज्य कोणाचेही असो, लाभ कोणासही होवो, प्रश्न तोच विचारावयाचा, ही समदृष्टी. आमच्या माणसाचे राज्य आले म्हणून प्रश्न गिळला, किंवा विरोधकाचे आले म्हणून दुप्पट मोठ्याने विचारला, की ती गेली. २०२० साली शेतीचे तीन कायदे झाले आणि २०२१ च्या अखेरीस ते रद्द झाले. त्या वर्षभरात चहाच्या टपरीपासून देवळाच्या ओट्यापर्यंत रोज भांडण चाले. पण भांडणाऱ्या दहांत हमीभाव म्हणजे काय, बाजार समितीचा कायदा कोणत्या मालास लागतो, हे सांगणारा एकही आम्हांस भेटेना. आम्हीही सांगू शकलो नसतो. अज्ञानी माणसास बाजू तेवढी असते, मत नसते.

म्हणून आमचा निर्णय असा. अन्नाविषयी कोणतीही घोषणा झाली, स्वस्ताईची असो, हमीभावाची असो, बंदीची असो वा फुकटाची असो, वारकऱ्याने टाळी वाजवण्याआधी वा शिवी देण्याआधी विचारावे: जेवणार कोण? भरणार कोण? आणि भरणाऱ्याचे नाव वहीत आहे काय? ज्यात भुकेला जेवतो आणि भरणाऱ्याचे नाव उघड असते, ती रीत तुम्हांस महाग वाटली तरी चर्चेस योग्य आहे. ज्यात भरणाऱ्याचे नाव लपविलेले आहे, ती कितीही गोड दिसली तरी धर्माच्या कसास उतरत नाही.

पुढल्या वर्षी आळंदीस जाताना आम्ही पुन्हा त्या पुण्याच्या घरी उतरलो आणि माउलींस निफाडची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं सोडा, मी चार रुपये जास्त देईन. पण आमच्या कामवालीला हे मी कोणत्या तोंडानं सांगू?" याचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. परंतु या वेळी आम्ही मान डोलावली नाही. तिला स्वस्त मिळावे, पण ते सगळ्यांच्या तिजोरीतून मिळावे, एकट्याच्या खळ्यावरून नव्हे, एवढे आम्ही बोललो. आणि हे कसे करावे ते राज्य चालविणाऱ्यांस आपण सर्वांनी मिळून विचारावे लागेल, असेही म्हणालो.

दामाजीपंतांची कथा आम्ही अजून सांगतो. टाळ तसेच वाजतात, डोळेही तसेच भरतात. फक्त पावती निघाली की आम्ही क्षणभर थांबतो आणि त्या म्हाताऱ्याचा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवतो. सभा शांत होते. कोणी शेतकरी मान वर करून पाहतो.

असो. आम्ही अर्थशास्त्री नव्हे. जे पाहिले व विचारून घेतले ते लिहिले. कोठे चुकले असेल तर जाणत्यांनी सुधारावे. सज्जनांचे चरणी हीच विनंती.